सुमतीचा उजवा हात

सुमती नवलकर आणि मी फोर्टातल्या एका जहाज कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर एकवीस वर्षं शेजारी शेजारी बसलो. एवढ्या वर्षांत तिचा उजवा हात मी नीट असा कधी पाहिला नव्हता. तो पदराखाली असायचा, नाहीतर मांडीवरच्या पर्सच्या आड. फोन ती डाव्या हाताने जोडायची, निरोप डाव्या हाताने लिहायची आणि डबाही डाव्या हाताने खायची. नवीन लागलेल्या एखाद्या मुलीने विचारलंच तर "लहानपणी पडले होते" एवढं सांगून हेडफोन चढवायची. त्यापुढे कुणी विचारत नसे. मीही नाही.

मग गेल्या वर्षी तिच्या नातीचा हात मोडला, आणि त्यानंतरच्या महिन्यांत तिने मला सगळं सांगितलं. एका बैठकीत नाही. कधी फोनवर, कधी चर्नी रोडच्या पुलावर उभं राहून, कधी माझ्या स्वयंपाकघरात. मी ते इथे सलग मांडते आहे.

सुमती सात वर्षांची असताना, म्हणजे एकोणसत्तर साली, ठाकूरद्वारच्या त्यांच्या वाडीत ओट्यावरून उडी मारताना पडली. उजवं कोपर टम्म सुजलं. तिचे वडील चिंतामणी गोदीच्या कचेरीत हेडक्लार्क होते, मोठ्याने न बोलणारा माणूस. ते तिला घेऊन आधी डॉक्टरकडेच गेले होते. डॉक्टर म्हणाले, कोपराच्या वरचं हाड मोडलंय, सरकलंय, कदाचित उघडून बसवावं लागेल. घरी येऊन वडिलांनी हे सांगितलं तेव्हा आजोबा जेवायला बसले होते. ते ताटावरून न उठता म्हणाले, "पोरीच्या जातीला कापाकापी नको." तिथे तो विषय संपला.

कुणीतरी एका हाडवैद्याचं नाव सांगितलं. त्याने हात ओढला, दाबला, कसलासा लेप लावला, बांबूच्या पट्ट्या ठेवल्या आणि वरून कापड गुंडाळलं. गुंडाळताना हाताखालचा पाट तो पायाने दाबून धरत होता, एवढं सुमतीला आठवतं. जाताना म्हणाला, "आठ दिवस सोडायचं नाही. सोडलंत तर हाड वाकडं बसेल, मग मला सांगायला यायचं नाही."

तीन दिवस ती रडली. बोटं सुजून तांबडी, मग निळसर झाली. ती आईला म्हणायची, थोडंसं सोड ना. आई वडिलांकडे बघायची, वडील आजोबांकडे. सगळे सांगायचे, हाड जुळतंय म्हणून दुखतं, दुखायचं थांबेल. चौथ्या दिवशी खरंच थांबलं. बोटांना काही कळेनासंच झालं. घरात सगळ्यांना बरं वाटलं. आईने त्या दिवशी शिरा केला होता.

आठव्या दिवशी कापड सोडलं. हाड नीट जागेवर बसलं होतं, कोपर सरळ होतं. फक्त बोटं आत वळलेली होती, आणि ती उघडेनात. पुढे मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की आवळल्यामुळे आतल्या मांसाला रक्त मिळालं नाही, ते मेलं आणि दोरीसारखं आखडलं. आता काही करण्यासारखं नाही. वडिलांनी ते ऐकून घेतलं. त्यानंतर तिचं शिक्षण संपेपर्यंत दर रविवारी सकाळी ते खोबरेल तेलाची वाटी घेऊन तिच्यापुढे बसत आणि एकेक बोट सरळ करायचा प्रयत्न करत. बोटं सरळ व्हायची नाहीत. तिला ते रविवार नको वाटायचे, पण "पुरे आता, बाबा" असं म्हणणं तिला कधी जमलं नाही.

लग्नाचं दोनदा ठरत आलं. दोन्ही वेळा चहाचा ट्रे तिने एका हाताने आणला आणि दोन्ही वेळा नंतर निरोप आला. मग घरात तिच्या लग्नाची भाषा बंद झाली. तिला नोकरी लागली. भावाची बायको तापाने गेली तेव्हा तिचा मुलगा ध्रुव चार वर्षांचा होता. त्याला सुमतीने वाढवलं. भाऊही पुढे गेला. ध्रुव शिकला, एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात लागला, मधुराशी लग्न केलं, मनू झाली. सुमती रिटायर झाली त्याच्या पुढच्या सोमवारपासून मधुरा निर्धास्तपणे कामावर जायला लागली.

"घरात माणूस आहे ना," असं ध्रुव सगळ्यांना सांगायचा. ते माणूस मात्र सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसात घराबाहेर पडू शकत नसे. आम्ही जुन्या मैत्रिणी महिन्यातून एकदा दादरला भेटायचो. सुमती दोन वर्षांत एकदाच आली, आणि तेव्हाही तासाभरात घड्याळ बघायला लागली.

मनूवर तिचा जीव होता, यात शंकाच नाही. मनू सहा वर्षांची, सारखी काहीतरी चढणारी. तिला त्या हाताचं काहीच वाटायचं नाही. आजीची मूठ असतेच तशी, अशी तिची समजूत होती. रस्ता ओलांडताना ती मनगटालाच धरायची.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारची गोष्ट. ध्रुव ऑफिसच्या कामासाठी बंगळूरला गेला होता, मधुराला शनिवार असूनही जावं लागलं होतं. मनूला पोटमाळ्यावरची भातुकलीची पेटी हवी होती. सुमती म्हणाली, आई आल्यावर. मनू म्हणाली, मी काढते, तू फक्त शिडी धर. दहा मिनिटं हो-ना झालं आणि सुमतीने शिडी धरली.

मनू सहाव्या पायरीवर होती. तिने मागे वळून काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि तिचा पाय सटकला. सुमतीचा डावा हात शिडीवर होता. मनू पडली ती सुमतीच्या उजव्या बाजूला. सुमतीने उजवा हात पुढे केला. फ्रॉकचं कापड मुठीला घासून गेलेलं तिला स्पष्ट जाणवलं. मूठ उघडलीच नाही.

मनू डाव्या हातावर पडली. कोपर भलत्याच बाजूला वळलं होतं.

आरडाओरडा ऐकून शेजारचे शामराव धावत आले. ते म्हणाले, ओढणी आणा, हात गळ्यात घट्ट बांधून टाकू. सुमती एकदम ओरडली, "बांधायचं नाही!" शामराव दचकले. चाळीस वर्षांच्या शेजारात त्यांनी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. तिने उशी आणायला सांगितली, उशीवर तो हात होता तसा ठेवला आणि शामरावांच्या मदतीने मनूला टॅक्सीत घातलं. लालबागच्या अलीकडे एका ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, ध्रुवच्या ऑफिसचा विमा तिथे चालतो, म्हणून तिथे. रस्ता खणलेला, टॅक्सी रांगत होती. प्रत्येक खड्ड्याला मनू किंचाळायची आणि सुमती तिची बोटं बघायची. गुलाबी आहेत. अजून गुलाबी आहेत.

हॉस्पिटलात पुष्कर कर्णिक नावाचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी एक्स-रे बघितला, मनूला अंगठा वर करायला सांगितला, अंगठा आणि पहिल्या बोटाचं गोल करून दाखवायला सांगितलं, मनगटाची नाडी बघितली. मग हाताखाली सैलसा आधार दिला. तेवढ्यात मधुरा पोचली. पदर, पर्स, लॅपटॉपची बॅग सावरत ती आत आली, मनूला बघितलं आणि पहिलं वाक्य सुमतीला म्हणाली, "तुम्ही तिथे होतात ना? मग पकडलं का नाही?"

सुमतीने उजवा हात पदराखाली घेतला. मधुराच्या लक्षात आलं असावं, कारण तिने मान फिरवली. पण बोलून झालं होतं.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टर आल्या. डॉ. सुरुची, पन्नाशीच्या, खुर्ची ओढून बसूनच बोलणाऱ्या. ध्रुव फोनवर होता, स्पीकर चालू होता.

"डॉक्टर, ऑपरेशन म्हणजे कापणार का?" ध्रुवने विचारलं. "लहान आहे हो ती."

"कापायचं नाही," त्या म्हणाल्या. "भूल देऊन बाहेरूनच हात ओढून हाड जागेवर आणायचं. समोर पडद्यावर हाड दिसत असतं, त्यामुळे अंदाजाने काही करायचं नाही. मग कातडीतूनच दोन बारीक तारा आत सरकवायच्या, हाड हलू नये म्हणून. चिरा नाही, टाके नाहीत. तीन-चार आठवड्यांनी तारा ओपीडीत काढतो. दहातल्या आठ-नऊ मुलांचं असंच होतं. अगदीच जमलं नाही तर उघडावं लागतं, त्यासाठीही सही घेऊन ठेवते."

ध्रुवने सुटल्यासारखा श्वास सोडला. मधुराही जरा सैल झाली. सुमती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिने हळूच विचारलं, "वरून बांधणार का?"

"स्लॅब घालू. अर्धं प्लास्टर, वर पट्टी."

"किती घट्ट?"

"आत्या, त्यांना त्यांचं काम करू दे ना," फोनमधून ध्रुव म्हणाला.

डॉ. सुरुचींनी तिच्याकडे बघितलं, "घट्ट नाही बांधत," एवढं म्हणाल्या आणि कागद पुढे केले. मधुराने सही केली. रात्री मधुरा थांबली. एका पेशंटपाशी एकच माणूस, असा वॉर्डाचा नियम.

रविवारी सकाळी नऊला मनूला आत नेलं. पाऊण तासाने डॉ. सुरुची बाहेर आल्या. हाड पहिल्याच प्रयत्नात छान बसलं होतं. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला: छोटंसं हाड आणि त्यातून तिरप्या गेलेल्या दोन पांढऱ्या रेघा. "एक टाकासुद्धा नाही," त्या म्हणाल्या. मधुरा रडली. डॉ. सुरुची संध्याकाळी राऊंडला येते म्हणून घरी गेल्या. एक वाजता मनू पेंगत होती तेव्हा मधुरा सुमतीला म्हणाली, "मी आंघोळ करून, थोडं पडून येते. पाचपर्यंत. बसाल ना?" आणि जरा थांबून, "फक्त बसा. काही करू नका."

सुमतीचं स्टूल पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत होतं. एका बाजूला पलंगाचा कठडा, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजनचा नळ, मागे जाळीची खिडकी. बाहेर पडायचं तर पलंग सरकवावा लागे. मनूचा हात उशांच्या चवडीवर ठेवलेला, पांढऱ्या पट्टीतून फक्त बोटांची टोकं बाहेर.

दोन वाजता मनू जागी झाली आणि रडायला लागली. दुर्गा सिस्टरांनी औषध दिलं. अर्ध्या तासाने मनू पुन्हा रडली, जास्त. म्हणाली, "हे काढ." सुमती म्हणाली, "डॉक्टर आले की सांगू हं." तिने गोष्ट सांगायला घेतली, मनूला गोष्ट नको होती. मोबाइल नको, आईसक्रीम नको. ती डोकं उशीवर इकडून तिकडे आपटायला लागली. "आजी, काढ ना. थोडंसं सोड ना."

सुमती मला म्हणाली, "कमल, ते शब्द मी ऐकले आणि मला कळेना की ती बोलतेय की मी."

तिला स्वतःचाच भरवसा वाटत नव्हता. हे खरं आहे, की माझ्या डोक्यातलं भूत आहे? काल मुलगी आपल्या हातून पडली. फक्त बसा, असं सांगितलंय. आपण काही बोललो आणि पट्टी सोडून हाड हललं तर? मग उघडून ऑपरेशन करावं लागलं तर? ते तर आयुष्यभर ऐकावं लागेल. आणि न बोललो तर? ती उठून उभी राहिली, पुन्हा बसली. बोटं गुलाबीच होती. नखं दाबल्यावर पांढरी होऊन पुन्हा गुलाबी होत होती. सगळं ठीक दिसत होतं आणि पोरगी तळमळत होती.

शेवटी तिने डाव्या हाताने मनूचं मधलं बोट धरलं आणि अगदी हळू, केसभर, सरळ केलं. मनूने अशी किंकाळी फोडली की समोरच्या पलंगावरची बाई उठून बसली.

सुमतीने पलंग ढकलला आणि ती फटीतून बाहेर आली.

दुर्गा सिस्टर चांगल्या होत्या, पण रविवारी बावीस पलंगांना त्या एकट्या. त्यांनी येऊन बघितलं, नाडी बघितली, "नाडी लागतेय आजी," म्हणाल्या, तरी डॉक्टरांना फोन केला. डॉ. पुष्कर खाली अपघात विभागात होते. ते पंचवीस मिनिटांनी आले. शर्टाला रक्ताचे डाग, डोळे तारवटलेले. त्यांनी नखं दाबली, नाडी बघितली.

"रंग छान आहे. नाडी आहे. आजी, हाड मोडलंय, आत तारा घातल्यात, थोडी सूज येणारच. मुलं घाबरतात. अजून एक इंजेक्शन देतो, दुखायचं थांबेल."

ते वळले. सुमती त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"डॉक्टर, माझंही दुखायचं थांबलं होतं," ती म्हणाली. "चौथ्या दिवशी."

"काय?"

तिने पदर मागे टाकला आणि उजवा हात सिस्टरांच्या टेबलावर, केसपेपरांच्या गठ्ठ्यावर, ठेवला. दिव्याखाली. चोपन्न वर्षांत तिने तो असा कुणापुढे ठेवला नव्हता. कोपराखालचा हात काठीसारखा बारीक, मनगट खाली वळलेलं, चारही बोटं तळव्यात रुतलेली. वॉर्डात भेटीची वेळ सुरू झाली होती, माणसं येत-जात होती. दोघंतिघं थांबून बघायला लागली. तिने हात काढला नाही.

"सात वर्षांची होते. हेच हाड. घट्ट बांधलं होतं. मला सगळे म्हणाले, थांबेल," ती म्हणाली. "तुम्ही तिचं बोट सरळ करून बघा. एकदाच बघा. मग हवं तर मला बाहेर काढा."

डॉ. पुष्कर त्या हाताकडे बघत राहिले. तिच्या मते त्यांनी असा हात पुस्तकातच पाहिला असावा. मग ते मनूच्या पलंगाकडे गेले, वाकले आणि मधलं बोट धरून किंचित सरळ केलं. मनू किंचाळली. त्यांनी दुसरं बोट केलं. ती पुन्हा किंचाळली. ते उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

"सिस्टर, कात्री. मोठी."

त्यांनी पट्टी वरपासून खालपर्यंत कापली. मग आतला कापूस कापला, अगदी कातडी दिसेपर्यंत. कापूस एका जागी वळून दोरीसारखा झाला होता, खाली मनूच्या हातावर त्याचा खोल वळ उमटलेला. त्यांनी स्लॅब उघडून कोपर थोडं सरळ केलं. एका हाताने ते मनूचा हात धरून होते, दुसऱ्या हाताने डॉ. सुरुचींना फोन लावत होते. "मॅडम, सगळं सोडलंय, कातडीपर्यंत. हो. तारा जागेवर आहेत. या, प्लीज."

नेमकी त्याच वेळी, सांगितल्यापेक्षा लवकर, चारलाच मधुरा आली. पलंगावर कापलेली पट्टी, उघडा हात, कोपराजवळ कातडीतून बाहेर आलेली तारांची वाकवलेली टोकं. तिला ते सगळं एकदम दिसलं.

"हे कुणी सोडलं?" ती ओरडली. "हाड हललं तर? कुणी सांगितलं सोडायला?"

डॉ. पुष्कर बोलणार होते, पण सुमतीच बोलली. "मी."

"मी तुम्हाला फक्त बसायला सांगितलं होतं!"

"हो," सुमती म्हणाली.

डॉ. सुरुची चाळीस मिनिटांत आल्या. ती चाळीस मिनिटं सुमती वॉर्डाच्या दाराबाहेर उभी होती, कारण तपासणी चालू असताना भेटीच्या वेळीही माणूस एकच आत राहू शकत होता आणि ते आता मधुरा होती. दाराच्या काचेतून पलंगाचं फक्त टोक दिसायचं. मनूचा आवाज येतोय की नाही हे ती ऐकत होती. आवाज कमी झाला तेव्हा तिला हायसं वाटण्याऐवजी भीती वाटली. दुखायचं थांबणं म्हणजे काय असू शकतं हे तिच्याइतकं तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

डॉ. सुरुचींनी हात दाबून बघितला, बोटं सरळ करून बघितली, आणि दर पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं. मधुराला त्यांनी स्पष्ट सांगितलं: आतला दाब उतरला नाही तर कोपराखालच्या हाताची कातडी उघडावी लागेल, आणि ते आजच, आत्ताच. मधुराने पुन्हा कागदावर सही केली. साडेपाचला मधलं बोट अर्धं सरळ झालं आणि मनू फक्त कण्हली. सव्वासहाला पाचही बोटं उघडली. मनू म्हणाली, "भूक लागली."

कापायची वेळ आली नाही. पुन्हा फोटो काढला, हाड तसूभर हललं नव्हतं. तारांनी आपलं काम केलं होतं.

डॉ. सुरुची बाहेर आल्या आणि सुमतीशेजारी बाकावर बसल्या. "अजून काही तास गेले असते तर मी काही सांगू शकले नसते," त्या म्हणाल्या. "बांधलं आमच्याच माणसाने होतं. सैल बांधलं होतं, पण सूज वाढली. लक्ष ठेवायला हवं होतं आमचं." मग त्यांनी विचारलं, "हात बघू?"

सुमतीने तो पुन्हा पदराखाली घेतला होता. ती म्हणाली, "आज नको."

ध्रुव विमानतळावरून थेट हॉस्पिटलात आला. त्याला मधुराने काय सांगितलं ते सुमतीला माहीत नाही. तो तिच्याजवळ येऊन नुसता उभा राहिला, लहानपणी चूक झाल्यावर राहायचा तसा. मधुरा मात्र बोलली नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. मनू घरी आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी, भाजी निवडताना, खाली मान घालून तिने विचारलं, "आत्या, तेव्हा तुम्हाला खूप दुखलं असेल ना?"

"हो," सुमती म्हणाली. मग तिने तिला सगळं सांगितलं, आजोबांच्या ताटापासून वडिलांच्या तेलाच्या वाटीपर्यंत. घरात ते पहिल्यांदाच बोललं गेलं. भाजी तशीच राहिली.

चार आठवड्यांनी ओपीडीत तारा काढल्या. पक्कडीने धरून सर्रकन ओढल्या. मनू एकदा ओरडली आणि मग ती तार शाळेत न्यायला मागायला लागली. कोपर सुरुवातीला अर्धंच वाकायचं. वाडीतली सगळी म्हणायला लागली, तेल लावून चोळा, सैल होईल. डॉ. सुरुचींनी बजावलं होतं, चोळायचं नाही, ओढायचं नाही, खेळू द्या. दिवाळीपर्यंत मनूचा डावा हात उजव्याएवढाच वाकत होता आणि सरळही होत होता. अंगठा वर, गोल, बोटांची कात्री, सगळं ती कुणालाही न विचारता करून दाखवायची.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सुमतीचं तसं झालं नाही. हात बरा झाला तरी ती मनूची नखं दाबून बघायची थांबेना. मनू झोपली की बघायची, जेवताना बघायची. मनू हात काढून घ्यायची. "आजी, मी बरी झालेय!" घरातल्या शिडीला ध्रुवने साखळीकुलूप लावलं, आणि सुमती दिवसाकाठी दोनदा ते कुलूप ओढून बघायची. पूर्वी निदान देवळापर्यंत जायची, आता तेही सोडलं. मधुरा एकदा वैतागून म्हणाली, "आत्या, तुम्ही थोडं बाहेर जा ना. खरंच. मी रजा घेते एक दिवस."

डॉ. सुरुचींचा एक निरोपही होता. बुधवारी हाडाच्या ओपीडीत पुष्कळ आईबाप येतात. मुलांना आधी कुठेतरी आवळून बांधून आणलेलं असतं. तुम्ही येऊन त्यांच्याशी दोन शब्द बोलाल का, तुमचा हात दाखवाल का?

सुमतीने नाही म्हणून कळवलं. "एकदा टेबलावर ठेवला तेवढा पुरे," ती मला म्हणाली. "दर बुधवारी नाही ठेवणार." मला वाटलं, तिने जायला हवं. मी तसं म्हणालेही. त्यावर ती चिडली आणि आठवडाभर माझा फोन घेतला नाही.

मग गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "बुधवारी हॉस्पिटलात चाललेय. येतेस का बरोबर?"

"बोलायला?"

"नाही. दाखवायला. माझाच."

आम्ही लालबागला गेलो. मधुराने खरोखरच रजा घेतली होती. डॉ. सुरुचींनी तिचा हात वीस मिनिटं बघितला, मापं घेतली, एकेक बोट हलवलं. मीही तेव्हाच तो पहिल्यांदा पुरता पाहिला. त्या म्हणाल्या, पकड येणार नाही. मांस गेलं ते गेलं. पण आतले ताठ झालेले धागे लांबवले तर बोटं तळव्यातून जरा बाहेर येतील, नखं रुतणार नाहीत, मनगट थोडं सरळ होईल. त्यासाठी मात्र कापावंच लागेल, इथून इथपर्यंत. आणि नंतर सहा आठवडे प्लास्टर.

"बांधून ठेवणार," सुमती म्हणाली.

"हो. पण जेव्हा म्हणाल तेव्हा सोडून बघू."

सुमतीने विचार करून सांगते म्हटलं. बाहेर आल्यावर तिने हात पुन्हा पदराखाली घेतला आणि मला विचारलं, भायखळ्याला उतरून भाजी घ्यायची का, तिथे ताजी मिळते. आम्ही भाजी घेतली. वाटेत तिने मनूच्या शाळेचं सांगितलं, कंपनीतल्या जुन्या सुपरवायझरबद्दल सांगितलं, हाताचं काही बोलली नाही.

ऑपरेशनची तारीख तिने अजून घेतलेली नाही. घेणार नाही असंही म्हणालेली नाही. डॉक्टरांचा कागद तिने कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवला आहे, आणि मधुरा दर आठ-दहा दिवसांनी तो बाहेर काढून टेबलावर ठेवते.